'शादी' कुणाच्या मालकीची? रोजच्या शब्दांवर कंपन्यांचा हक्क कुठे चालतो, कुठे अडतो

लग्नं जुळवणाऱ्या शादी डॉट कॉमच्या कंपनीने 'शादी' हा शब्द वापरणाऱ्या दोन संकेतस्थळांना मुंबई उच्च न्यायालयात खेचलं होतं. 'शादी ही शादी' या संकेतस्थळाविरुद्ध २०१४ साली कंपनीला मनाई हुकूम मिळाला. 'सेकंड शादी'विरुद्ध मात्र २०१६ साली मागूनही मिळाला नाही. दोन्ही वेळा समोर न्यायमूर्ती गौतम पटेलच होते आणि शब्दही तोच होता. तरी निकाल उलटे लागले. ते का, हे कळलं की या विषयातली निम्मी गाठ सुटते.

पहिल्या प्रकरणात समोरच्याने आपल्या संकेतस्थळाच्या आतल्या, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या कोडमध्ये शादी डॉट कॉमचं नाव घालून ठेवलं होतं. कुणी ते नाव शोधलं की हेही समोर यावं, अशी युक्ती. दुसऱ्याच्या नावावर आलेलं गिऱ्हाईक मधल्यामध्ये वळवणं हा त्या प्रकरणाचा गाभा होता. दुसऱ्या प्रकरणात भांडण निव्वळ शब्दाचं होतं. लग्न जुळवण्याचा धंदा करणाऱ्याने 'शादी' म्हणायचं नाही, तर म्हणायचं काय? जो शब्द सेवेचंच वर्णन करतो, त्यावर एकट्याचा हक्क सांगायचा तर त्याचा मूळ अर्थ मागे पडून लोकांना फक्त तुम्हीच आठवता, असं दाखवावं लागतं. लग्नाच्या बाजारात 'शादी' ऐकून लोकांना आधी लग्नच आठवतं.

'अमुक कंपनीने अमुक शब्दाचा ट्रेडमार्क घेतला' अशी बातमी आली की लोक समजतात, कंपनीने तो शब्द विकत घेतला. तसं काही नसतं. ट्रेडमार्क म्हणजे ठरावीक मालावर लावायची ओळखखूण. 'हा माल अमक्याचा' एवढंच ती सांगते. सगळे माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग म्हणजे क्लास केलेले आहेत. पहिले ३४ मालाचे, उरलेले सेवांचे. मसाले क्लास ३० मध्ये, खाद्यतेल आणि लोणची २९ मध्ये, कपडे २५ मध्ये, हॉटेल-खानावळ ४३ मध्ये. क्लास २५ मध्ये नोंदलेलं वाक्य टी-शर्टवर छापायला अडचण येईल. तेच वाक्य तुम्ही बोललात, लेखात लिहिलंत किंवा भाषणात वापरलंत, तर ट्रेडमार्कवाल्याचा त्याच्याशी संबंध नाही. अपवाद आहे तो फार गाजलेल्या नावांचा. त्यांना आपल्या क्लासबाहेरही संरक्षण मिळू शकतं. जाहिरातीतल्या छोट्या वाक्यांना कॉपीराइटचा आधार सहसा मिळत नाही, म्हणून कंपन्या ट्रेडमार्कच्या दारातून आत येतात.

कायदा याबाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ सांगतं की ज्या चिन्हाला स्वतःची अशी ओळखच नाही, जे फक्त मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग किंवा ठिकाण सांगतं, किंवा जे चालू भाषेत आणि त्या धंद्यात रूढ आहे, ते नोंदवायचं नाही. तेलासाठी 'शुद्ध', मसाल्यासाठी 'झणझणीत', खानावळीसाठी 'घरगुती जेवण' हे सगळं इथेच गळायला हवं. मात्र त्याच कलमात पळवाट म्हणा किंवा न्याय म्हणा, एक परंतुक आहे: अर्जाच्या तारखेआधी भरपूर वापराने त्या शब्दाला कंपनीची म्हणून ओळख मिळालेली असेल, तर नोंद देता येते. मोठ्या कंपन्यांचं सगळं बळ या परंतुकात आहे. वर्षानुवर्षांची विक्रीची बिलं, जाहिरातीवरचा खर्च, सीएचं प्रमाणपत्र, असा गठ्ठा त्या अर्जासोबत लावू शकतात. इचलकरंजीच्या मसालेवाल्याला ते जमत नाही.

नोंद मिळवायचा दुसरा रस्ता जास्त वापरला जातो, आणि नोटीस आलेल्या माणसाची सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. कंपनी नुसतं वाक्य नोंदवत नाही. आपलं अख्खं लेबल नोंदवते. त्यात तिचं नाव, चित्र, रंग आणि कोपऱ्यात ते रोजचं वाक्य. नोंद मिळते ती लेबलाची. पुढे नोटीस येते ती मात्र त्या वाक्यासाठी. कलम १७ नुसार अख्ख्या चिन्हाच्या नोंदीतून त्यातल्या सुट्या, सर्वसामान्य भागावर वेगळा हक्क मिळत नाही. नोटिशीत हे कलम सहसा दिसणार नाही.

रुमाल टाकणारे

कंपन्या हे करतात तरी का? कधी खरंच वाक्यामागे पैसा ओतलेला असतो. कधी 'आपण नाही घेतलं तर दुसरा घेईल' ही भीती असते. आणि अर्ज स्वस्त आहे. ऑनलाइन अर्जाला प्रत्येक क्लासमागे कंपनीला ९,००० रुपये, व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ४,५०० रुपये. वापर सुरू झालेला असायलाच हवा असंही नाही. 'पुढे वापरणार आहोत' एवढं म्हणून अर्ज टाकता येतो. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा, तसा हा प्रकार.

७ मे २०२५ रोजी 'ऑपरेशन सिंदूर'ची घोषणा झाली, आणि त्याच दिवशी त्या नावासाठी क्लास ४१ मध्ये, म्हणजे करमणूक आणि शिक्षणाच्या वर्गात, अर्ज पडले. त्यात मुंबईच्या रिलायन्सचाही होता. गदारोळ उठल्यावर कंपनीने दुसऱ्या दिवशी तो मागे घेतला आणि कनिष्ठ कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय केला असं सांगितलं. हे नाव कंपनीचं झालं, असं त्या चोवीस तासांत अनेकांना वाटलं. प्रत्यक्षात अर्ज म्हणजे नुसती रांगेतली जागा. अर्जानंतर तपासणी होते, आक्षेप आला तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, मग सुनावणी, मग ट्रेडमार्क जर्नलमध्ये जाहिरात, आणि तिथून पुढे चार महिने विरोधासाठी मोकळे.

हे चार महिने लक्षात ठेवण्यासारखे आहेत. जर्नल दर सोमवारी सरकारी संकेतस्थळावर येतं, वाचायला फुकट. कलम २१ म्हणतं 'कोणीही' विरोध करू शकतो. तुम्ही त्या कंपनीचे प्रतिस्पर्धी असायची अट नाही. फॉर्म टीएम-ओ, ऑनलाइन शुल्क क्लासमागे २,७०० रुपये. विरोधाची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत कंपनीने प्रतिउत्तर दिलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. उलट तुमचे चार महिने एक दिवसाने जरी चुकले, तरी मुदतवाढ नाही. मग एकच वाट उरते, नोंद झाल्यावर ती रद्द करून घेण्याची. ती लांबची आहे. क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनीचा 'कॅप्टन कूल'साठीचा अर्ज जून २०२५ मध्ये जर्नलमध्ये आला तेव्हा 'मिळाला ट्रेडमार्क' अशा बातम्या चालल्या. तोवर तो फक्त जाहीर झाला होता.

कोर्टात काय होतं

रोजच्या शब्दावरचे दावे आपल्याकडे कोर्टात टिकण्यापेक्षा पडतात जास्त. मुंबईच्या मॅरिकोचं उदाहरण घ्या. तळताना तेल कमी शोषलं जातं हे सांगण्यासाठी कंपनीने 'लोसॉर्ब' हे नाव नोंदवलं होतं. सनड्रॉपवाल्या अ‍ॅग्रो टेक फूड्सने पाकिटावर 'लो अ‍ॅब्सॉर्ब टेक्नॉलॉजी' असं लिहिलं. मॅरिको दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि २०१० साली खंडपीठासमोरही हरली. दोन साधे शब्द जोडून, थोडी मोडतोड करून नाव तयार केलं म्हणजे ते मूळ साधे शब्द बाकीच्यांना बंद होत नाहीत, असं कोर्टाचं म्हणणं. पाकिटावर ठळक 'सनड्रॉप' होतं आणि वादातले शब्द तेलाचा गुण सांगत होते, हेही महत्त्वाचं ठरलं.

आयटीसीच्या यिप्पी नूडल्सचा 'मॅजिक मसाला' आणि नेस्लेच्या मॅगीचा 'मॅजिकल मसाला' यांचं भांडण मद्रास उच्च न्यायालयात चाललं. २०२० मध्ये आयटीसीचं अपील फेटाळलं गेलं. 'मॅजिक' हा मालाची स्तुती करणारा शब्द, आणि खाण्याच्या धंद्यात 'मसाला' तर सगळ्यांचाच. रेड बुलचं 'शरीर आणि मन ताजंतवानं करतं' या अर्थाचं इंग्रजी घोषवाक्य नोंदलेलं होतं. पेप्सिकोने स्टिंगवर तशाच अर्थाचं वाक्य लिहिलं. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. एनर्जी ड्रिंक काय करतं, तेच ते वाक्य सांगत होतं.

यातलं सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण 'शुगर फ्री'चं. कॅडिला कंपनीची 'शुगर फ्री' नावाची गोळी बाजारात गाजलेली. अमूलने बिनसाखरेचं फ्रोझन डेझर्ट काढलं आणि डब्यावर 'शुगर फ्री' असं मोठ्या अक्षरांत छापलं. कॅडिलाला त्या शब्दांचा एकाधिकार मिळाला नाही. साखर नाही हे सांगायचा हक्क सगळ्यांना आहे. पण अमूललाही मोकळं रान मिळालं नाही. आजूबाजूच्या मजकुरापेक्षा 'शुगर फ्री' मोठं छापू नका, असं कोर्टाने बजावलं. थोडक्यात भांडण शब्दापेक्षा अक्षरांच्या आकाराचं होतं. डब्यावर तो शब्द गुण सांगतोय की ब्रँडसारखा मिरवतोय, हे डोळ्यांनी दिसतं, आणि न्यायाधीशही तेच पाहतात.

असा दावा कोर्टात हरणार हे कंपनीच्या वकिलालाही पुष्कळदा ठाऊक असतं. कोर्टापर्यंत जायचं नसतंच. पत्र पुरतं.

अमेरिकेतलं 'टाको ट्यूसडे' हे याचं ठळक उदाहरण. मंगळवारी टाको, म्हणजे सारण भरलेली मेक्सिकन पोळी, स्वस्त, इतकाच त्याचा अर्थ. सबंध देश ते म्हणतो. वायोमिंगमधल्या टाको जॉन्स या साखळीने १९८९ मध्ये ते नोंदवलं. ४९ राज्यांत हक्क तिचा. न्यू जर्सीत ग्रेगरीज नावाच्या एका रेस्टॉरंटकडे आधीची नोंद होती, म्हणून ते राज्य वगळलं. पुढची तीस-बत्तीस वर्षं छोट्या हॉटेलांना पत्रं जात राहिली आणि हॉटेलवाले फलक बदलत राहिले. गंमत म्हणजे २०१९ मध्ये बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सच्या कंपनीने हेच शब्द मागितले, तेव्हा तिथल्याच ट्रेडमार्क कार्यालयाने 'हा सगळ्यांच्या तोंडचा वाक्प्रचार आहे' म्हणून अर्ज फेटाळला. जुनी नोंद मात्र जागच्या जागी राहिली, कारण ती रद्द करा असं म्हणायला कुणी पैसे खर्चून पुढे येत नव्हतं. मे २०२३ मध्ये टाको बेल ही बडी कंपनी ते म्हणाली. दोन महिन्यांत टाको जॉन्सने हक्क सोडला. वकिलांवर लाखो डॉलर घालवणं आपल्याला पटत नाही, असं कारण दिलं. ग्रेगरीजने ऑक्टोबरात सोडला. नोंदवहीतली नोंद बरोबर असतेच असं नाही, आणि ती चूक आपोआप दुरुस्त होत नाही, हे इथे पाहायला मिळतं.

नोटीस हातात पडल्यावर

समजा, तुम्ही कांदा-लसूण मसाल्याचे पाऊच विकता. वर तुमच्या ब्रँडचं नाव, खाली 'घरची चव'. एका मोठ्या कंपनीच्या वकिलाची नोटीस येते: हे शब्द आमचे, १५ दिवसांत वापर थांबवा, माल परत बोलवा, नुकसानभरपाई द्या, लेखी माफी मागा. हे १५ दिवस कायद्याने ठरवलेले नाहीत, वकिलाने ठरवलेले आहेत. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूमही नव्हे. पण ती कपाटात टाकणंही वाईट, कारण पुढे कोर्टात 'कळवूनही मुद्दाम चालू ठेवलं' असं म्हणायला त्यांना जागा मिळते.

पहिलं काम, नोटिशीतला नोंदणी क्रमांक घेऊन सरकारच्या ट्रेडमार्क संकेतस्थळावर शोध घ्या. क्रमांकच दिलेला नसेल तर तिथेच शंका घ्या. स्थितीच्या रकान्यात 'रजिस्टर्ड' आहे का? 'ऑब्जेक्टेड', 'अपोझ्ड' किंवा 'अ‍ॅबँडन्ड' असेल, तर नोंद झालेलीच नाही. नावापुढचं छोटं टीएम कुणीही लावू शकतं, त्याला परवानगी लागत नाही; वर्तुळातला आर मात्र नोंद झाल्यावरच लावता येतो. मग पाहा: चिन्ह 'वर्ड' आहे की 'डिव्हाइस', म्हणजे शब्द की लेबल? क्लास कोणता, आणि क्लासमध्येही नेमका माल कोणता लिहिलाय? मुदत संपली आहे का? नोंद दहा वर्षांची असते आणि नूतनीकरण राहून जाणं दुर्मीळ नाही. काही नोंदींखाली 'अमुक शब्दावर वेगळा हक्क नाही' अशी अटही छापलेली असते. ती ओळ सापडली तर अर्धं उत्तर तिथेच लिहून झालं.

मग त्याच पानावर 'अपलोड केलेली कागदपत्रं' उघडा. हे फार कमी लोक करतात. त्यात तपासणी अहवाल असतो आणि कंपनीने आक्षेपाला दिलेलं उत्तरही. कलम ९ चा आक्षेप आलेला असेल, तर कंपनीच्या वकिलाने तेव्हा बहुधा लिहिलेलं असतं: आमचं चिन्ह एकत्रच पाहावं, नुसत्या शब्दांवर आमचा दावा नाही. किंवा दुसऱ्याचं मिळतंजुळतं चिन्ह आड आलं, तेव्हा 'हे शब्द सगळेच वापरतात' असंही लिहिलेलं सापडतं. कार्यालयात एक बोलून कोर्टात उलट बोलणाऱ्याला कोर्टं जवळ करत नाहीत. त्या उत्तराची प्रत उतरवून ठेवा.

मराठी शब्द शोधताना रोमन लिपीतली सगळी रूपं टाकून पाहा. 'झणझणीत' कुणी झेडने लिहितो, कुणी जे-एचने. संकेतस्थळावर उच्चारावरून शोधायची सोय आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका.

दुसरं काम तुमच्या पाऊचकडे बघण्याचं. कलम ३० आणि ३५ मालाचा प्रकार किंवा गुण सांगणाऱ्या प्रामाणिक वापराला संरक्षण देतात. तुमचं नाव मोठं आणि 'घरची चव' खाली साध्या ओळीत असेल, तर तुमची बाजू भक्कम. पण 'घरची चव' हेच सगळ्यात मोठं, सोनेरी, चौकटीत, शेजारी टीएम, आणि तुमचं नाव मागच्या बाजूला बारीक, असं असेल तर तुम्हीच ते ब्रँड म्हणून वापरताय. मग ही कलमं कामाला येत नाहीत. कंपनीसारखाच रंग आणि तीच अक्षरशैली असेल, तर शब्दाचा वाद बाजूला राहतो आणि नकलेचा आरोप पुढे येतो. त्यात छोटे उत्पादक हरतात, आणि बऱ्याचदा रास्त हरतात.

तिसरं, तारखा. कंपनीचा वापर आणि तिची नोंद, यांतलं जे आधीचं त्याच्याही आधीपासून तुम्ही ते शब्द सलग वापरत असाल, तर कलम ३४ कंपनीला तुम्हाला हात लावू देत नाही. पण पुरावा कागदाचा लागतो. छापखान्याची लेबलांची बिलं, जुन्या विक्रीच्या पावत्या, अन्नपरवाना, प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, सोशल मीडियावरच्या तारखेसह जुन्या पोस्ट. नुसत्या बिलावर 'मसाला २०० ग्रॅम' असेल आणि ते शब्द कुठेच नसतील, तर त्याचा उपयोग कमी. बिलात ब्रँडचं नाव आणि ती ओळ छापून घ्यायची सवय आजपासून लावली तरी चालेल.

एकतर्फी मनाई हुकुमाची भीती खरी आहे. माल दुकानात आणि तुम्हाला पत्ता नसताना स्टे, असं होतं. त्यावर उपाय कॅव्हेट. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कोर्टात ते दाखल केलं की साधारणपणे तुम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम होत नाही. ते ९० दिवस चालतं, मग पुन्हा भरावं लागतं. कुठे भरायचं हा प्रश्न अवघड, कारण कलम १३४ मुळे कंपनी आपला धंदा जिथे आहे तिथल्या कोर्टातही दावा लावू शकते. नोटीस कुठल्या शहरातल्या वकिलाची आहे आणि कंपनीचं मुख्य कार्यालय कुठे आहे, यावरून अंदाज बांधतात.

उत्तर लिहिताना दोन चुका वारंवार होतात. एक, घाबरून 'आमची चूक झाली, आम्हाला माहीत नव्हतं' असं व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर लिहून टाकणं; तोच पुढे पुरावा होतो. दुसरी, रागाच्या भरात दहा पानी उत्तर देऊन आपले सगळे पुरावे आधीच उघड करणं. चांगलं उत्तर दीड-दोन पानांचं असतं: नोंद लेबलाची आहे, शब्द वर्णनाचे आहेत, आमचा ब्रँड वेगळा आहे, कलम १७, ३० आणि ३५. धमकी उघडउघड निराधार असेल तर कलम १४२ चा उल्लेख करावा. त्याखाली धमकी मिळालेल्या माणसालाच जिल्हा न्यायालयात दावा करून मनाई आणि भरपाई मागता येते. मात्र कंपनीने वेळेत खरा दावा लावला तर हे कलम गळून पडतं. कंपनीने नोंदीनंतर सलग पाच वर्षं आणि वर तीन महिने ते चिन्ह वापरलंच नसेल, तर कलम ४७ खाली नोंद रद्द करण्याचा अर्ज करता येतो. रुमाल टाकून निघून गेलेल्यांसाठीच ते कलम आहे.

आणि हे सगळं असूनही, पाऊचवरची एक ओळ बदलणं कोर्टापेक्षा स्वस्त पडेल असा हिशोब निघाला, तर बदलण्यात कमीपणा नाही. मात्र कंपनीने पाठवलेलं हमीपत्र जसंच्या तसं सही करून देऊ नका. त्यात 'हे शब्द किंवा यासारखे कोणतेही शब्द, कोणत्याही मालावर, कायमस्वरूपी' अशी भाषा असते आणि त्यांच्या हक्काची कबुलीही. 'चूक मान्य न करता' हे शब्द घालून घ्या, माल म्हणजे फक्त क्लास ३० मधला मसाला असं लिहा, ओळ म्हणजे फक्त सध्याच्या मांडणीतली ओळ असं लिहा, भरपाईचं कलम खोडा, आणि छापून ठेवलेले पाऊच संपवायला सहा महिने मागा. तीन ते चार मिळतात बहुतेक वेळा.